भिंतीवरच्या गोधडीची फिर्याद

तवा ठाण्यात आम्ही इतके जण व्हतो: फौजदार साहेब, मी, फिर्यादी म्हातारी, तिची सून, जालन्यातल्या बंगल्याच्या बाई, आन जिच्यावर आळ आल्ता ती बोहारीण. नावं कुणाचीच घेत न्हाई.

मी सातवी पास. मालक पोलिसात व्हते, ड्युटीवरच वारले. त्यांच्या जागी मला खाकी मिळाली. लेकरं शेजारणीकडं टाकून पहाऱ्यावर उभी राह्यले. निघाले दिवस.

म्हातारी आष्टीकडची. तिची फिर्याद अशी, की आईच्या लुगड्यांची गोधडी वाळत घातली व्हती, ती चोरीला गेली. साहेब हसले. "आजी, गोधडीचा गुन्हा?"

"साहेब, त्यात माझी आई हाय. लिवा."

लिवून घेतलं. मंग खबर लागली. तिचा भाचा जालन्यात एका वास्तुशांतीला जेवायला गेल्ता. त्यानं मोबाइलमध्ये हॉलचा फोटो आणला. म्हातारी म्हणली, "हीच."

तिला घेऊन बंगल्यावर गेलो. हॉल असा सजवलेला की बघतच राह्यलो. बैलाची जुनी झूल, काचेत पैठणीचा पदर, जात्यावर फुलं, पाणी तापवायच्या बंबात मनीप्लांट. आन मधल्या भिंतीला ती गोधडी, वरून लाइट सोडलेला. म्हातारीनं टाक्यांवर हात फिरवला.

"भिंतीला थंडी वाजती का ओ, बाई?"

बाई बिचाऱ्या घाबरल्या. "मावशी, मी बोहारणीकडून विकत घेतली. जुन्या वस्तूंची हौस आहे मला. चोरीची असेल असं वाटलंच नाही." गोधडी त्यांनीच भिंतीवरनं काढली.

बोहारणीला आम्ही म्हातारीच्याच गल्लीतून आणलं, भांड्याच्या टोपल्यासकट. म्हातारी समद्यांसमोर "चोरटी, चोरटी" म्हणून वरडली.

ठाण्यात साहेबांनी इचारलं, "कुठून उचलली?"

"उचलली न्हाई साहेब. हिच्या सुनंनं दिली. मी बदल्यात डेचकी दिली."

सून म्हणली, "खोटं बोलून राह्यली ही." मान काय वर केली न्हाई.

"पावती हाय का?" साहेब.

"बोहारणीला पावती कोण मागतं? साहेब, बायकांनी दारात उभं केलं तर मी जेवते. चोरटी नाव पडलं की समदी दारं बंद."

बोहारीण रडली न्हाई, संतापली. खरं बोलणारं माणूस ठाण्यात बहुतेक संतापतं, हे मी लई येळा पाह्यलंय. साहेबांना म्हणलं, मी सुनंला घेऊन म्हातारीचं घर बघून येते.

वाळवणाची दांडी बघितली, मंग सुनंला पाणी मागितलं आन तिच्या मागंच सैपाकघरात गेले. आपल्याकडं नवं भांडं आलं की त्याच्यावर नाव घालून घेतात. फळीवर वाटीपासून पातेल्यापर्यंत समद्यांवर म्हातारीच्या मालकाचं नाव. दुधाची एक डेचकी तेवढी कोरी.

"हिच्यावर नाव न्हाई घातलं?"

सून डेचकीकडं बघत म्हणली, "ताई, गोधडी फाटकी वाटली मला. लेकराचं दूध तापवायला येगळं बारकं भांडं न्हवतं. सासूबाईनं पेटी उपसली, रडाय लागल्या, तवा भ्याले. वाळत घातली व्हती, तिथनं चोरीला गेली म्हणले."

"तुझ्या बोलण्यापायी ती बाई ठाण्यात बसली. आता तूच चल आन सांग."

तिनं ठाण्यात येऊन सांगितलं. बिलकुल काही लपवलं न्हाई. म्हातारी सुनंकडं वळली. मंग म्हणली, "डेचकी पाह्यजे व्हती तर मागायची. मी काय खाते का तुला?"

गैरसमजातून फिर्याद, म्हणून साहेबांनी कागद निकाली काढला. बंगल्याच्या बाईंनी गोधडी राजीखुशीनं परत दिली, आन आपल्या भिंतीसाठी सासू-सुनंला नवी शिवायला सांगितली. साहेब बोहारणीला म्हणले, "जा बाई, सुटलीस." ती उठली न्हाई.

"साहेब, चोरटी हाय म्हणून गल्लीत वरडल्या. न्हाई म्हणून कोण वरडणार?"

त्याला काय कलम न्हाई. साहेब माझ्याकडं बघाय लागले. तेवढ्यात म्हातारी उठली. टोपलं उचललं, सुनंच्या डोक्यावर दिलं. "चल."

बोहारीण आन मी संगं निघालो, त्याच गल्लीत. म्हातारी पुढं, दारोदार थांबून वरडती, "हिनं चोरी केली न्हाई! चूक आमच्या घरची! भांडी घ्या!" बायका बाहेर आल्या. मंग एकीनं आतून जुनी साडी आणली. बोहारणीनं ती उजेडात धरली, उलटीपालटी केली.

"ही? हिच्यात चमचाबी यायचा न्हाई."

समद्या हसल्या. घासाघीस सुरू झाली.

माणूस ठाण्यातून सुटतं, पण गावात सुटत न्हाई, हे मी त्या दिवशी शिकले. वाचणाऱ्याला एवढंच मागणं हाय. कुणावर आळ घेतला आन तो खोटा निघाला, तर घरात बसून हळहळू नका. त्याच्या दारी जा आन समद्यांना ऐकू जाईल असं सांगा.