अप्पांची पंचाहत्तरी आणि माझी शैली

माझे सासरे धडधाकट असताना मी त्यांना श्रद्धांजली वाहिली. तीही रोह्यात, त्यांच्याच पंचाहत्तरीला, त्यांच्यासमोर!

सगळा दोष शैलीचा. मी पेणच्या शाळेत मराठी शिकवायचो, पण माझं स्वतःचं लिखाण म्हणजे सूचनाफलक. कुणीतरी सांगितलं, आवडत्या लेखकाची पानं हाताने उतरवून काढा, शैली आपोआप अंगात मुरते. माझा आवडता लेखक दिवंगतांवर फार सुंदर लिहायचा. झालं! रोज सकाळी अंघोळीआधी मी एकेक मयत उतरवू लागलो. ("आज कोण गेलं?" बायको सुलभा चहा देताना विचारायची.)

अशात अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, पंचाहत्तरी आली. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, भाषण तुमचंच! तुम्ही मराठीचे मास्तर."

मी उभा राहिलो आणि काय सांगू, शैली आपणहून बोलू लागली! "अप्पा म्हणजे एक डेरेदार झाड होतं. भाताच्या बांधावरून चालणारी ती पावलं..." पुढे वर्तमानकाळ सुचेचना! होते, असायचे, राहिल्या त्या आठवणी... अप्पांच्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुढची रांग मुसमुसू लागली. मला वाटलं, शैली लागू पडली! मी आवाज आणखी कापरा केला.

तेवढ्यात अप्पांचे दोस्त तात्या निडी गावाहून उशिरा पोचले. दारातच हंबरडा! "अप्पा गेला? आरं, परवा तर माझ्याशी भांडला!"

"...त्यांच्या पवित्र स्मृतीस वंदन," मी समारोप केला आणि मान झुकवली. अख्खा हॉल उठून उभा राहिला. अप्पाही उठले! गळ्यात हार, हातात नारळ, डोळे मिटलेले.

"अहो," सुलभा बाजूने फिसकारली, "अप्पा हायत अजून!"

जमीन दुभंगेना, म्हणून मी अप्पांचे पाय धरले. "अप्पा, चुकलं. माफ करा."

अप्पांनी एक डोळा उघडला. "भाषण झकास झालं, जावईबापू. पण खऱ्या येळेला मला असं उभं ऱ्हायला जमणार नाय हां!"

हॉल हसून हसून बसला. मी मात्र शरमेने मान खाली घातली.

ते बघून मागच्या रांगा पुन्हा उभ्या राहिल्या.