आल्वीना आत्याने जोडलेला फोन

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आमच्या गावाचं नाव तेव्हा होल्टडॉर्फ होतं. पहिल्या महायुद्धात ते बदलून फेअरव्ह्यू केलं. दलदल उपसून शेतं काढली ती जर्मनीतल्या होल्श्टाइनहून आलेल्या आमच्या पणजोबांच्या पिढीने. पिठाची गिरणी, दगडी शाळा, गायनमंडळाचं सभागृह, सगळं त्यांच्याच हातचं. आल्वीना श्टूर, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, याच गावात लोकांचे फोन एकमेकांना जोडून द्यायचं काम करायची.

लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीत तिची खुर्ची होती. कोण कुणाला फोन करणार, हे तिला आवाजावरून कळायचं. एका तारेवर आठ-दहा शेतं असायची, त्यामुळे एकाचं बोलणं बाकीचे सुखाने ऐकायचे. आत्याला तेही कळायचं. कुणी यंत्र उचललं की तारेत खट् व्हायचं. मग कुणाचा श्वास ऐकू येई, तर कुणाच्या घरातलं घड्याळ टकटकत असे.

१९१८च्या उन्हाळ्यात राज्यपालांचा हुकूम निघाला. रस्त्यात, देवळात, फोनवर, इंग्रजीशिवाय काही बोलायचं नाही. टेलिफोनचे मालक हॅडली जिना चढून वर आले.

"हे बघा मिस श्टूर, जर्मन शब्द कानावर पडला की फोन कापायचा. समोर कोणी का असेना."

"म्हाताऱ्या माणसांना दुसरं काही येतच नाही, साहेब."

"मग त्यांनी गप्प बसावं."

आत्याने फोन कापायला सुरुवात केली. आधी थोडे आडनावाच्या काकूंचा, मग पाद्र्यांचा. एके दिवशी खुद्द आजीचा. ती आपल्या आजारी बहिणीची चौकशी करत होती. संध्याकाळी आजीने तिच्यापुढे बटाट्याची थाळी आपटली.

"वाढलंय. काही म्हणायचं असलं तर म्हण बाई तुझ्या इंग्रजीत. मला नाही कळायचं."

"आई, माझी नोकरी जाईल गं."

"जाऊ दे ना! आईची जीभ कापायची नोकरी म्हणे."

माझे वडील, ऑटो, तेव्हा अमेरिकेच्या फौजेतून फ्रान्समध्ये लढत होते. ते कुणाशी लढताहेत, हा विषय घरात निघत नसे. आजोबा त्यांचा फोटो पुसायचे आणि बाहेर निघून जायचे.

ऑगस्टमध्ये मळणी चालू होती. भर दुपारी रोव्हरांच्या शेतावरून फोन आला. टीना रोव्हर जुन्या देशातून, जर्मनीतून, लग्न होऊन आलेली; तिला इंग्रजीतलं 'गुड मॉर्निंग' तेवढं यायचं. ती नुसती किंचाळत होती.

आत्याने पहिल्यांदा इंग्रजीत विचारलं. पलीकडे रडणं वाढलं. तेवढ्यात तारेत खट् झालं, पाठोपाठ दबका खोकला. कुणीतरी ऐकायला आलं होतं. आत्या आम्हाला सांगायची, "हात तारेवर गेला होता गं माझा. कापायलाच."

पण तिने कापलं नाही. "टीना, मी आल्वीना. नीट सांग, काय झालं?" असं तिने आपल्या भाषेत विचारलं.

तिच्या नवऱ्याचा, हाइन रोव्हरचा हात मळणी यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. आत्याने दुसऱ्या तारेवर डॉक्टर गिलमोरना घेतलं. डॉक्टर इंग्रजीत सांगत, ती टीनाला जर्मनमध्ये सांगे. "खांद्याखाली घट्ट बांध. रुमाल असेल, लगाम असेल, काहीही. वर काठी घालून पिळ. ओरडू दे त्याला, तू सोडू नकोस." डॉक्टरांची गाडी पोचेपर्यंत ती टीनाशी बोलत राहिली. हाइनचा हात गेला, माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी आत्याला लोकांची देशनिष्ठा तपासणाऱ्या संरक्षण समितीपुढे बोलावणं आलं. गायनमंडळाचं सभागृह आता समितीने घेतलं होतं. समोर अर्धं गाव बसलेलं, आणि त्यातले बरेचसे आपलेच. कुणी मान वर करेना.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही शत्रूच्या भाषेत बोललात."

"मी टीना रोव्हरच्या भाषेत बोलले. तिला दुसरी येत नाही. मी काय करायला हवं होतं?"

"फोन कापायला हवा होता."

मागच्या बाकावर टीना बसली होती, पण काय चाललंय ते तिला कळतच नव्हतं.

आत्याला झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. "माझा भाऊ याच झेंड्यासाठी लढतोय," एवढंच म्हणून तिने ते घेतलं. नोकरी गेली. त्याच आठवड्यात आमच्या दाराला कुणीतरी पिवळा रंग फासला, देशद्रोह्याच्या घराची खूण म्हणून. आजीने तो घासून काढायचा प्रयत्न केला, पण लाकडात मुरलेला रंग काही निघाला नाही. मात्र त्या दिवसापासून ती आत्याच्या थाळीत आधी वाढू लागली.

वडील परत आले ते विषारी वायूने छाती जाळून घेऊन. दारापाशी गणवेशात उभे राहून त्यांनी विचारलं, "हा रंग कुणी दिला?"

"गावाने," आजोबा म्हणाले. वडिलांनी पुढे आम्हा मुलांना जर्मनचा एक शब्द शिकवला नाही.

पुढच्या वसंतात एमिल थोडे आला, थोडे काकूंचा मुलगा. टोपी हातात घेऊन तो ओट्याखालीच उभा राहिला.

"आल्वीना, त्या दिवशी तारेवर मी होतो. मीच जाऊन सांगितलं."

"ठाऊक आहे. तुझा खोकला मी ओळखत नाही होय?"

"आमच्या भिंतीवर जर्मन सम्राट कैसरचं चित्र सापडलं होतं. लोक मला देशद्रोही म्हणून डांबराने माखणार होते. मी घाबरलो गं. पण तू... तू कुणाला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या आईला देवळात तोंड लपवून बसावं लागलं असतं. आधीच तिचा फोन मी कापला होता."

"म्हणजे माफ केलंस?"

"नाही. घरी जा, एमिल."

हॅडलींनी तिला परत बोलावलं, पण ती गेली नाही. तालुक्याच्या इस्पितळात ती परिचारिकांच्या हाताखाली लागली. म्हातारपणी तिथल्या जर्मन शेतकऱ्यांची इंग्रजी पुसली जायची. शेवटी लहानपणची भाषाच तेवढी उरायची. दुखतंय कुठे, तहान लागली का, मुलाला बोलवायचंय का, हे डॉक्टरांना आत्या सांगायची. हाइन रोव्हरही तिच्याच देखत गेला. पुढे कितीतरी वर्षं हेच तिचं काम होतं.

ती खूप थकली तेव्हा गावात पहिल्यांदा जर्मन वारसा दिवस ठरला. सॉसेज, बॅंड, पणजोबांच्या नावाचे फलक. संयोजक मुलं तिला मिरवणुकीतल्या पहिल्या गाडीत बसवायला आली. मला वाटलं होतं ती हाकलून देईल. पण तिने निळा झगा इस्त्री करायला सांगितला.

मिरवणूक संपल्यावर एका मुलीने माइक पुढे केला. "आजी, जर्मनमध्ये काहीतरी बोला ना!"

आत्या बराच वेळ बोलली. टीना रोव्हरचं नाव सोडलं तर मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आजूबाजूच्यांनाही जर्मन येत नव्हतं, तरी ते हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते आणि संपल्यावर त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत मी विचारलं, "आत्या, काय बोललीस?"

तिने खिडकीची काच वर केली. "वारा लागतोय. घरी चल," ती म्हणाली.