तिसऱ्या दिवशीचं पाणी

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बाकासमोर एक माशांची पेटी होती. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी महिन्यातून एकदा तिथे जायचो आणि दर वेळी माझा नंबर चुकायचा. आत बोलावणारी बाई माझं नाव घ्यायची, मी माशांकडे बघत बसलेला असायचो. मग शेजारचा कोणीतरी कोपर मारायचा. बाईला वाटायचं, माणूस जरा मंद आहे. मला वाटायचं, बाईच हळू बोलते.

खरं सांगायचं तर त्या पेटीसमोर मला बरं वाटायचं. मासे सारखी तोंडं उघडायचे आणि मिटायचे, आवाज काही नाही, आणि उत्तराची अपेक्षा कोणालाच नाही. एकदा डॉक्टर म्हणाले, "घरी ठेवा की अशी पेटी. डोकं शांत राहतं." एवढं मला नीट कळलं, कारण ते समोर बसून, माझ्याकडे बघत बोलले होते.

मी भेस्तानच्या एका लूम्सच्या खात्यात बावीस वर्षं आहे. खातं म्हणजे कापड विणणाऱ्या मशिनांची शेड. खान्देशातून इकडे गुजराती मुलखात आलो तेव्हा पहिले आठ दिवस कान बधिर झाले होते, मग सवय झाली. खात्यात कोणी कोणाशी आवाजाने बोलतच नाही. ओठ हलवायचे, बोटं दाखवायची. ताण्याचा बीम संपला, धागा तुटला, जेवायला चल, शेठ आला, सगळं ओठांवरून कळतं. माझं ओठ वाचणं इतकं पक्कं झालं होतं की कान कधी मागे राहिले ते मलाच समजलं नाही.

गोडादऱ्यातल्या आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, लिंबायतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माशांचं एक दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे गेलो. दुकानदार काका साठीचे, गुजराती, भरघोस मिशीचे, आणि गालात तंबाखूचा मावा भरलेला. मावा खाणारा माणूस ओठ मिटूनच बोलतो. वर मिशी. मला त्यांच्या तोंडावरचं एक अक्षर वाचता येईना. त्यांनी पेटी दाखवली, खडे दाखवले, पाण्यातलं झाड दाखवलं, हवेचा पंप दाखवला, तीन सोनेरी मासे आणि मोली जातीची एक काळी मासोळी पिशवीत भरून दिली, आणि पाच मिनिटं काहीतरी समजावलं. मी प्रत्येक वाक्याला "हा, हा" म्हणालो. त्यातले दोन-तीन शब्द हाती लागले. एक होता 'पाणी', एक होता 'त्रीजा'. त्रीजा म्हणजे तिसरा. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं, असं मी धरून चाललो.

घरी बायको साड्यांना टिकल्या लावत बसली होती. पोरीच्या कॉलेजला सुट्टी होती. पिशवी बघून बायको म्हणाली, "खावाले लई उनात का?" म्हणजे खायला आणले का. मी म्हणालो, "नाही. बघायला."

"बघाले?" तिने एकदा माझ्याकडे, एकदा माशांकडे पाहिलं आणि पुन्हा सुई हातात घेतली.

पहिल्या दोन दिवसांतच माझ्या डोक्यात इतके प्रश्न जमले की डोकं शांत राहण्याची गोष्ट बाजूलाच राहिली. मासे झोपतात का? पापण्या तर दिसत नाहीत. पाण्यातच राहतात, मग पाणी पितात का? मी काचेजवळ गेलो की चौघे वर येतात, ते मला ओळखतात की हाताला? किती खायला घातलं म्हणजे पुरे? मी मूठ टाकली तरी संपत होतं, चिमूट टाकली तरी संपत होतं. पोरगी मोबाईलवर शोधून सांगायची. एक जण म्हणायचा दिवसातून दोनदा, दुसरा म्हणायचा एकदाच, तिसरा म्हणायचा आठवड्यातून एक दिवस उपास घाला. झोपेचं मात्र सगळे एकसारखं सांगत होते. डोळे उघडे ठेवूनच झोपतात, तळाशी किंवा झाडाआड एका जागी स्थिर होतात. सकाळी शिफ्टला निघण्याआधी मी बघायचो. मोली खड्यांच्या वर नुसती थांबलेली असायची. झोपली आहे की विचार करते आहे, काय समजणार?

तिसरा दिवस आला. कामावरून आल्यावर मी मासे घमेल्यात काढले, पेटी रिकामी केली, काच राखेने घासली, खडे उकळत्या पाण्याने धुतले, आणि नळाचं स्वच्छ पाणी काठोकाठ भरलं. पेटी अशी चमकली की बायकोसुद्धा म्हणाली, छान दिसते. मासे मात्र वर येऊन तोंडं उघडायला लागले. मला वाटलं, खूश झाले.

सहाव्या दिवशी पुन्हा तेच केलं. सातव्या दिवशी सकाळी एक सोनेरी मासा आडवा होऊन तरंगत होता.

काल तर याचं घर धुतलं होतं. घाण तर नव्हतीच. पोरगी म्हणाली, "पप्पा, एखादा आजारी असेल दुकानातूनच." ते पटलं. मासा गुलाबाच्या कुंडीत पुरला आणि नवव्या दिवसाची वाटसुद्धा न बघता पाणी बदललं. रोग पसरायला नको म्हणून आणखी जोर लावून घासलं. बाराव्या दिवसाच्या आत दुसरा गेला. त्याचे कल्ले लाल झाले होते. तिसऱ्याने खाणं सोडलं, कोपऱ्यात अंग तिरकं करून थांबायला लागला. मी दिवसातून चारदा जाऊन बघायचो, काच वाजवायचो. तो दचकायचा आणि पुन्हा तिरका व्हायचा. एवढी निगा मी आयुष्यात कशाची राखली नव्हती, आणि जितकी राखत होतो तितके ते मरत होते. मला काही म्हणजे काही उमजेना.

तिसरा गेला तेव्हा मला राग आला. दुकानदाराने फसवलं असं डोक्यात बसलं. मेलेला मासा पिशवीत घेतला, पोरीला गाडीवर मागे बसवलं आणि दुकानात गेलो.

"हे कसले मासे दिले?" मी हिंदीत ओरडलो. मी किती मोठ्याने ओरडलो ते दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या वळलेल्या मानांवरून कळलं.

काकांनी पिशवी उजेडात धरली, बघितलं आणि शांतपणे काहीतरी विचारलं. मिशी हलली. मी "हा" म्हणालो. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. मी पुन्हा "हा" म्हणालो. आता ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले. मग ते पोरीशी गुजरातीत बोलले. ती त्यांच्याशी बोलली. बरंच बोलली. मी एकदा काकांकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो.

शेवटी पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, ते विचारतायत, तुम्ही दर वेळी सगळं पाणी बदललं का? तुम्ही हा म्हणालात. मग विचारलं, मुद्दाम मारले का? त्यालाही हा म्हणालात."

मी दोन्ही हात हलवून नाही म्हणालो.

"ते म्हणतायत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा, आणि तेही फक्त तिसरा भाग पाणी. त्रीजो भाग, तिनातला एक. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग टाकायचं, कारण त्यात औषध असतं, त्याने कल्ले जळतात. आणि खडे उकळायचे नाहीत. खड्यांवर बारीक जीव धरतात, तेच माशांची घाण पचवतात. तुम्ही ते धुऊन टाकले."

जे मला मळ वाटत होतं त्याच्यावर मासे जगत होते. हे मला आजही पुरतं पचलेलं नाही. लहानपणापासून माझ्या आईने, मग बायकोने, घासून काढणं म्हणजे माया असंच दाखवलं होतं.

परतताना पोरगी मागे बसून एक शब्द बोलली नाही. की बोलली आणि मला ऐकू आलं नाही, तेही सांगता येत नाही. घरी पोचल्यावर ती सरळ आईकडे गेली. दोघी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ होत्या आणि माझ्याकडे पाठ होती, म्हणून काय बोलल्या ते कळलं नाही. मग बायको बाहेर आली, हात पुसत माझ्यासमोर बसली.

"तुम्हले ऐकू येत नही," ती म्हणाली. "हाई मले माहीत शे."

"कधीपासून?"

तिने पाच बोटं दाखवली. पाच वर्षं.

"मंग सांगं काबर नही?" का नाही सांगितलंस, असं मी विचारलं तेव्हा माझाच आवाज चढला असणार, कारण पोरगी दारात आली.

बायको म्हणाली, "तुम्ही हा म्हणत होता. मी म्हटलं, तुमचं निभतंय. तुम्हाला लाज वाटायला नको." मग म्हणाली, "आणि मला कधीकधी बरं पडायचं. मी रागाने काही बोलले तरी भांडण होत नव्हतं."

हे ऐकून पोरगी हसली, मग रडली. मला हसावं की काय करावं ते कळेना. पाच वर्षांत मी कशाकशाला हा म्हणालो असेन, याचाच हिशोब मनात लागेना. पोरीने कॉलेजबद्दल काही विचारलं असेल. गावाकडच्या फोनवर भाऊ काही म्हणाला असेल. तीन मासे मेले ते निदान दिसले तरी.

पुढच्या सुट्टीला मी एकटाच दुकानात गेलो. काकांना म्हणालो, "मला ऐकायला कमी येतं. मावा थुंकून, माझ्याकडे बघून बोला." ते आधी चपापले, मग बाहेर जाऊन खरोखरच चूळ भरून आले. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. ते हळूहळू हिंदीत बोलायचे, आणि अडलं की कागदावर लिहायचे. मी विचारलं, "माशांना ऐकू येतं का? कान तर दिसत नाहीत."

"येतं," ते म्हणाले. "कान डोक्याच्या आत असतात. आणि अंगावर, इथून शेपटीपर्यंत, एक रेघ असते. पाणी हललं की त्या रेघेला समजतं. म्हणून काच वाजवायची नाही. तुम्ही वाजवता तेव्हा त्यांच्या सगळ्या अंगावर वाजतं."

मला खातं आठवलं. मशीन बिघडणार असेल तर मला ते लोखंडावर तळहात ठेवून कळतं, चपलेतून तळपायाला कळतं. नवे कारीगर मला विचारतात, तुम्हाला कसं समजलं? मला सांगता येत नाही. काकांना मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं की तेही नुसतं हा म्हणाले, देव जाणे.

महिन्याभराने सरकारी दवाखान्यात कान तपासले आणि मशीन मिळालं. ते कानात घालून घरी आलो तर सगळं अंगावर आलं. ताटाचा आवाज, पंख्याचा आवाज, माझ्याच चावण्याचा आवाज. त्यात एक घुरघुर सारखी चालू होती. मी पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं.

"हाऊ आवाज कसाना?" मी बायकोला विचारलं.

तिने पेटीकडे बोट केलं. "पंपना. पहिल्या दिवसापासून शे. आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतो."

काळी मोली एकटी उरली होती. तिला बहुतेक त्या सगळ्या धुण्यापुसण्याची फिकीरच नव्हती. मोल्या चिवट असतात, काका म्हणाले होते, पण तीच का वाचली हे त्यांनाही सांगता आलं नाही. आता मी आठवड्यातून एकदाच, तिसरा भाग, शिळं पाणी टाकत होतो. पेटी आधीसारखी चमकत नव्हती. काचेवर हिरवट थर आला होता, आणि तो न घासता राहणं मला फार जड जात होतं.

एका सकाळी झाडाच्या पानांत काहीतरी बारीक हललं. मला वाटलं, किडे झाले. चष्मा लावून पाहिलं तर पिल्लं. जिऱ्याएवढी, डोळे असलेली. मोजली तर चौदा. मी पोरीला हाक मारली.

"नर कुठे आहे?" मी विचारलं. "पेटीत हिच्याशिवाय कोणीच नाही. आणि अंडी कुठे गेली?"

पोरगीही चक्रावली. दुकानात फोन केला. मोली अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, असं काकांनी सांगितलं. आणि नराशी एकदा भेट झाली की मादी ते बीज पोटात साठवून ठेवते, महिनोन्‌महिने, आणि लागेल तसं वापरते. मी ते पोरीकडून तीनदा ऐकलं. मशीन कानात होतं, शब्दन्‌शब्द कळत होता, तरी विश्वास बसेना. दुपारी जेवून येऊन पाहिलं तर पिल्लं नऊ.

"पाच कुठे गेली?"

बायको पेटीसमोरच बसली होती. "तिने खाल्ली," ती म्हणाली. "मी पाहिलं." आणि मग मोलीकडे बोट रोखून, "हाई माय शे का कोन शे!"

आम्ही मोलीला बादलीत वेगळं काढलं. काका म्हणाले, राग धरू नका, तिला ते पिल्लू आहे हे कळत नाही, हलतं ते खायचं एवढंच कळतं. बायकोला ते मुळीच पटलं नाही. तिने दोन दिवस मोलीला खायला घातलं नाही, मी चोरून घातलं.

नऊपैकी चार जगली. ती मोठी झाल्यावर मोलीला परत पेटीत सोडलं. आता पाचही काळ्या आहेत. पोटाखालचा पर टोकदार असेल तर नर, पंख्यासारखा असेल तर मादी, असं काकांनी कागदावर चित्र काढून दिलं आहे. तो कागद हातात धरून मी काचेशी नाक लावतो, पण ती एका जागी ठरतच नाहीत. त्यांच्यातली एक तर आईएवढीच झाली आहे. आई कोणती, हे मला आता ओळखू येत नाही. बायको म्हणते तिला येतं, आणि दर वेळी वेगळ्याच मोलीकडे बोट दाखवते.