पाच कागद आणि एक भिंग

सासरे तीन महिन्यांसाठी जर्मनीत नेकारसुल्मला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यांच्या आवडत्या स्पॅनिश चित्रकाराचं एखादं खरं चित्र बघायचं. बत्तीस वर्षं त्यांनी सांगलीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. मुक्तहस्त चित्राच्या तासाला ते याच चित्रकाराची रेषाचित्रं दाखवत. जुन्या मासिकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. मूळ काम त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. वय चौऱ्याहत्तर, त्यामुळे जर्मनीची दुसरी खेप होईल असं त्यांनी गृहीत धरलेलं नव्हतं, आम्हीही नाही.

मी गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासतो. काहीही ठरवायचं झालं की आधी तक्ता करतो. त्यात शहर, रेल्वेला लागणारा वेळ, सुट्टीचा वार आणि संग्रहात या चित्रकाराची किती कामं आहेत, असे चार रकाने केले. याची चित्रं जर्मनीत एका जागी नाहीत. कोलोन, बर्लिन, म्युनिक, हॅनोवर, म्यूनस्टर अशी विखुरलेली आहेत. बहुतेक संग्रहालयांच्या संकेतस्थळावर चित्रकाराचं नाव टाकलं की यादी येते. रेल्वेने तासाभरावर असलेल्या एका शहराची यादी चांगली लांब निघाली. प्रवासाच्या वेळेशी कामांच्या संख्येचं प्रमाण तिथेच सर्वांत चांगलं होतं. शनिवारी आम्ही दोघे निघालो. बायकोची ड्युटी होती.

भिंतीवर तीन चित्रं होती. मी दालनं दोनदा मोजली, तरी तीनच. बाकीची कुठे, असं तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला की ती कागदावरची आहेत, उजेडाने खराब होतात, म्हणून पेट्यांमध्ये झोपवून ठेवतात. यादी बरोबर होती, माझं वाचन चुकलं होतं. मी गोदामातला साठा मोजला होता आणि तो दुकानात मांडलेला आहे असं समजलो होतो.

सासऱ्यांनी तिन्ही चित्रांपुढे पाठीमागे हात बांधून, मान थोडी तिरकी करून, सारखाच वेळ घालवला. चित्रापासून दीड-एक मीटरवर जमिनीवर पट्टी होती, तिच्या अलीकडे. प्रत्येक वेळी म्हणाले, "छान आहे." मी तीनच चित्रं दाखवल्याबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, भरपूर झाली की. मग बाहेर पडताना जिन्याशेजारी ते पुन्हा थांबले. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, त्याचा नकाशा तिथे चौकटीत लावलेला होता. त्याच्यापुढे हात पाठीमागे बांधून, मान तिरकी करून उभे राहिले.

"हेही छान आहे," म्हणाले.

मी "हो" म्हणालो आणि त्यांच्या दंडाला धरून जिना उतरलो. जिना आहे म्हणून धरलं, असं त्यांना वाटावं याची काळजी घेतली.

रात्रीची वाट न बघता संध्याकाळीच बायकोला सांगितलं. तिने सांगलीला फोन लावला. सासूबाईंनी आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. उजवा डोळा वर्षापूर्वीच गेला होता, डाव्यातलंही मधलं धूसर होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते की असलेलं टिकवू, गेलेलं येणार नाही. लेकीच्या घरी जाऊन जावयापुढे दुखणी मांडायची नाहीत, अशी सासऱ्यांनी त्यांना शपथ घातली होती. शपथ मोडलीच आहे तर एवढं तरी करा, तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका, असं त्या म्हणाल्या. बायको रडली. मला सासऱ्यांचा राग आला नाही. माझ्या वडिलांनीही माझ्या बहिणीच्या घरी ताप लपवला होता.

सासूबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मोठं भिंग घेऊन नाकाशी धरलं की ते अजून पेपर वाचतात. दार लावून. म्हणजे लांबचं गेलं होतं, वीतभर अंतरावरचं शिल्लक होतं. मी पुन्हा संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडलं आणि या वेळी बारीक अक्षरंही वाचली. पेटीतली चित्रं कुणालाही बघता येतात. त्यासाठी संशोधक असावं लागत नाही, टर्मिन घ्यावी लागते, म्हणजे आधी वेळ ठरवावी लागते. मी पाच चित्रांचे क्रमांक लिहून पाठवले आणि स्वतःचं भिंग आणलं तर चालेल का, ते विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: चालेल, कागदाला टेकवू नका.

सासऱ्यांना मी म्हणालो, यादीतली आणखी पाच तरी टिक केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ते हसले. "तुमच्या यादीसाठी येतो," म्हणाले.

गुरुवारी सकाळी संग्रहालयाच्या अभ्यासिकेत आम्ही दोघेच होतो. हात धुवायचे, पेन बाहेर ठेवायचं, पिशवी कपाटात. एका बाईंनी पहिला कागद आणून उतरत्या लाकडी पाटावर ठेवला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचा कागदावर घेतलेला छाप. गुडघे जवळ घेऊन बसलेली एक स्त्री, नुसत्या रेषेत. मध्ये पट्टी नाही, काच नाही. माझ्याकडे एकदा पाहून सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं आणि खाली वाकले. मी खिडकीकडे बघत बसलो. पहिल्या कागदाला त्यांना बावीस मिनिटं लागली.

"इकडे या," ते म्हणाले. "ही पाठीची रेष बघा. मी पोरांना सांगायचो, हा माणूस एका दमात रेष काढतो, हात उचलत नाही. रेष तुटली की मी मार्क कापायचो. इथे तुटलीय. खांद्यापाशी थांबलाय आणि पुन्हा सुरू केलीय."

मला काही दिसेना. मी त्यांचं म्हणणं बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी स्वतःचं भिंग आणलं, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ." बरोबर आहे, असं मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांना ते तेवढ्यात कळलंच होतं.

"पुठ्ठ्यावर दिसायचं नाही ते," म्हणाले. "छपाईत भरून जायचं. कितीतरी पोरांचे मार्क गेले."

दुसरा, तिसरा, चौथा कागद झाला. तिसऱ्यात एक बैल होता, त्याच्याशी ते मराठीत काहीतरी पुटपुटले. चौथ्यानंतर त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर धरले. बाई पाचवा घ्यायला उठल्या होत्या.

"जावईबापू, त्यांना थांबवा," ते म्हणाले. "उजवा डोळा गेलाय माझा. वर्ष झालं. डावा आता दमला."

मला ठाऊक होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. बाईंना विचारलं, पाचव्यासाठी पुढचा गुरुवार मिळेल का. मिळाला, सकाळी दहाचा.