पाळीचा दाखला

दाखल्यावर सही करायचा अधिकार मला पहिल्यांदा मिळाला, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या पायात नवेकोरे बूट होते. दोन्हींचा मला सारखाच माज होता. युद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षे आधीची ही गोष्ट. पाटबंधारे खात्यात मी ओव्हरसियर होतो, पण नोकरी अजून कच्ची होती. वर्ष संपताना मोठ्या साहेबांनी बरे लिहिले तरच ती पक्की व्हायची. मुक्काम अर्जुनी मोरगावला होता आणि आसपासच्या तलावांची तपासणी माझ्याकडे होती.

तलाव तिकडे गावागणिक आहेत. ते बांधले तिथल्या कोहळी समाजातल्या शेतकऱ्यांनी, आमचे खाते जन्माला यायच्या कितीतरी आधी. माझ्या वाट्याच्या एका तलावाचे मालक असेच एक कोहळी पाटील होते. साठी ओलांडलेली, अंगात बंडी, पाय कायम उघडे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला आपल्या आजोबांचा पराक्रम ऐकवला. जुना तुडुम, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायची मोरी, चुकीच्या जागी होता. आजोबांनी एका उन्हाळ्यात तो बंद करून दुसरीकडे नवा बांधला, आणि मृगाच्या आत पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, पुन्हा सांधून दिली. ही कथा त्यांच्या घरी प्रत्येक लग्नात सांगितली जाई. मी मान डोलावली आणि मनात म्हटले, आजोबांना लेव्हल म्हणजे काय हे तरी ठाऊक होते का!

आदल्या वर्षी सरकारी मदतीतून त्या तलावाची डागडुजी झाली होती. तुडुमाला लोखंडी झडप बसली, झडपेला कुलूप लागले आणि किल्ली माझ्याकडे आली. बदल्यात नियम असा होता की, तलाव भरला की ओव्हरसियरने पाळ माथ्यावरून आणि पायथ्याने चालून पाहावी आणि ती मजबूत असल्याचा दाखला पाठवावा.

पोळ्यानंतर तलाव काठोकाठ भरला. मी गेलो आणि पाळीच्या माथ्यावरून ऐटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पायथ्याला कंबरभर गवत माजले होते, खाली चिखल होता आणि त्या गवतात साप असतात हे मला कोणीतरी सांगितले होते. वरून वाकून पाहिले तर सगळे हिरवेगार आणि शांत दिसत होते. मी पाळीवरच बसून दाखला भरला आणि ‘पायथ्याने चालून पाहिली’ या छापील ओळीपुढे ‘होय’ लिहिले. पाटील शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. कागद त्याच दिवशी टपालात पडला.

आठवड्याभराने सकाळी पाटील माझ्या दारात आले. चार कोस चालत आले होते. हातात पितळी लोटा होता आणि त्यावर पळसाचे पान झाकलेले.

“काय आणलंत पाटील? दूध?” मी हसत विचारले.

“पानी हाये. पारीच्या खालचं.” पाळीला तिकडे पार म्हणतात. “ठेवा एकीकडं. हलवू नोका.”

त्यांच्या घराची एक रीत होती. तलाव भरल्यावर दर पंधरवड्याला घरातला कर्ता माणूस अनवाणी पायथ्याने चालायचा. जमीन कुठे नेहमीपेक्षा गार लागते, कुठे पाय दबतो, हे तळव्याला कळते म्हणे. तसे एका जागी त्यांना झिरपा लागला होता. पाळ थोडी झिरपतेच, त्याची भीती नसते. पाणी निवळ असले की झाले. गढूळ असले तर मात्र पाळ आतून खाल्ली जात असते. हे पुस्तकात मीही वाचले होते. लोट्यातले काय वाचायचे ते मात्र त्यांनाच ठाऊक होते.

तासभर आम्ही लोट्याला हात लावला नाही. मग त्यांनी पाणी हलक्या हाताने ओतून टाकले. तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ उरला होता, पिवळाजर्द.

“तरावातली माती कारी असते,” ते म्हणाले. “हे पिवरी. हे पारीच्या पोटातली. तुडुम खोला साहेब, तराव अर्धा करा.”

मला पहिल्यांदा आला तो राग. त्यांचा नव्हे, त्या लोट्याचा. माझा दाखला साहेबांच्या टेबलावर पोचला होता. आता तलाव अर्धा करायचा म्हणजे कारण लिहायचे, आणि कारण लिहायचे म्हणजे आपल्या सहीवर आपणच काट मारायची. शिवाय धान अजून पोटरीला यायचे होते. पुढे आश्विनात दाणा भरायच्या वेळी पाणी लागते, आणि आम्ही ते आत्ताच नाल्याला सोडून देणार होतो.

गावात गेलो तर पाळीवर माणसे जमलेली. “पानी सोडून आमी का माती खाऊ?” एकाने तोंडावर विचारले. खरे तर मला तेवढेच निमित्त हवे होते. लोकांचा विरोध आहे, साहेबांना विचारतो, असे म्हणून मी परत फिरू शकलो असतो. पण पाटील गवत पायाने दाबत मला खाली घेऊन गेले. आठवड्यापूर्वी जिथे जायला हवे होते तिथे. जमिनीतून बोटभर पाण्याची धार येत होती, आणि तिच्या तोंडाशी पिवळ्या मातीचा लहानसा ढीग साचला होता. पाळीपासून हाकेच्या अंतरावर घरे होती. एका अंगणात कोणी पापड वाळत घातले होते. 

मी किल्ली काढली. पाणी पाच दिवस वाहत होते.

साहेबांना पत्र लिहिले, त्याची आजही लाज वाटते. ‘अधिक खबरदारी म्हणून तलावाची पातळी कमी केली आहे. उन्हाळ्यात पाळ उकरून पाहावी.’ दाखल्याबद्दल एक अक्षर नाही. साहेबांनी उलटटपाली माझ्या दक्षतेचे कौतुक केले, आणि मी निर्लज्जासारखा ते पत्र दोनदा वाचले.

आश्विनात पाणी पुरले नाही. शेवटच्या बांध्यांमधले, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांतले, धान पोचट निघाले, आणि त्या शेवटच्या बांध्या पाटलांच्याच होत्या. पाळ ज्यांनी बांधली त्यांच्या घरचे शेत सर्वांत शेवटी भिजते, ही त्यांची दुसरी रीत. शेवटपर्यंत पाणी पोचवायची काळजी त्यामुळेच घेतली जाते, असे ते म्हणत. त्या वर्षी मी त्यांच्या घरी जायचे टाळले.

वैशाखात तलाव आटल्यावर त्या जागी पाळ उकरायला घेतली. दोन पुरुष खोल गेल्यावर कुदळ लाकडाला लागली. माती बाजूला केली तर आडवे खोड निघाले, मोठ्या झाडाचे, आतून कोरलेले. वरची साल होती, आतले सगळे कुजून भुसा झालेले. एका टोकातून पाणी शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने माती घेऊन बाहेर पडायचे. एखाद-दोन पावसाळ्यांत पाळीचे काय झाले असते ते मजुरांनाही सांगावे लागले नाही.

पाटील खड्ड्यात उतरले. खोडावरून हात फिरवत बराच वेळ उकिडवे बसले.

“हा आमच्या आज्यानं बंद केलेला तुडुम,” ते म्हणाले. “जुना. त्यानं काढलाच नाई. तोंडं बुजवली आन वरून माती टाकली. मिरग आला असंल जवर.”

लग्नालग्नांत सांगितलेला तो एक उन्हाळा असा उघडा पडला होता. मला त्यांच्याकडे पाहवेना.

खोड काढून खड्डा भरत आला, त्या दुपारी पाळीवर बसून मी तलावाच्या नोंदवहीत लिहू लागलो. ‘पाळीत जुने लाकूड सापडले. ते काढून जागा काळ्या मातीने भरून चोपली.’ पाटलांनी वाचून दाखवायला सांगितले. ऐकून म्हणाले, “आज्याचं नाव काऊन नाई?”

“कशाला पाटील? काम झालं. जुन्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?”

“पार त्याच्या नावानं उभी हाये, तं भोक कायले बिननावाचं?” ते शांतपणे म्हणाले. “लिव्हा. त्यानं दुसऱ्याही गावी तुडुम हलवले हायेत. तिथं कोनाले तरी खंदून पाहावं लागल ना जी.”

मी लिहिले. हात थांबला. खाली अर्धे पान कोरे होते. पाटील तलावाकडे तोंड करून बसले होते, माझ्याकडे पाहतही नव्हते. मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिले, ‘या पाळीचा गेल्या भाद्रपदातला दाखला मी पायथ्याला न उतरता दिला होता. तो खोटा आहे.’ खाली सही केली. नक्कल साहेबांकडे पाठवली. नोकरी पक्की व्हायला आणखी दीड वर्ष लागले.

पण ते पुढे. त्या दुपारी ती ओळही मी पाटलांना वाचून दाखवली.  मला वाटले, आता हा माणूस चकित होईल, निदान माझ्याकडे वळून पाहील.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुमच्या बुटाले चिखल नोयता.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“सई तुमची होती,” पाटील म्हणाले, आणि पाळ चोपणाऱ्या मजुरांकडे उतरून गेले.