वाटेतली बॅग

"अक्का, ती बॅग तुम्ही कुठल्या शब्दावर उचललीत?"

"कंची बॅग?"

हौसाक्कांनी असं विचारलं आणि सेटवरची सगळी माणसं हसली. मी नाही हसले. कारण ती बाई खरंच विचारत होती.

सांगते नीट. मी मालिकांमधून आत्या, मावशी, सासूची जाऊ अशी कामं करते. शिकायला कुठं गेले नाही, बघून बघून शिकले. तेव्हा कळंब्याजवळच्या एका बंगल्यात आमचं शूटिंग चालू होतं. मी नायिकेची आत्या. हौसाक्का कुरुंदवाडच्या. गर्दीत उभं राहायला आलेल्या, त्यांना शेजारणीचं एक वाक्य मिळालं, मग दोन, मग सीनच. आणि आता चॅनेलनं कळवलं होतं, घरात म्हाताऱ्या फार झाल्यात. आत्या नाहीतर शेजारीण, एकच ठेवा. त्याच आठवड्यात ठरणार होतं.

सीन असा. मुलगी नवऱ्याचं घर सोडून, बॅग घेऊन माहेरी आलीय. शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला येते आणि विचारते, "कवा आलीस गं? जावईबापू न्हाई आलं?" मी मागं उभी राहून दचकायचं. ते दचकणं मी घरी आरशासमोर बसवलं होतं. आधी पापणी, मग हात पदराला, मग श्वास.

टेक सुरू झाला. हौसाक्का आत आल्या, "कवा आलीस गं" म्हणता म्हणता वाकून त्यांनी बॅग उचलली, जरा वेळ हातात तशीच धरली, भिंतीकडेला ठेवली, आणि "जावईबापू" हा शब्द एकदम हळू आला. बॅगेच्या वजनावरून बाईला कळलं, पोरगी कायमची आलीय! स्क्रिप्टमध्ये यातलं काहीही नव्हतं. दिग्दर्शक सर खुर्चीतून उठले. माझ्या दचकण्याकडं कुत्रंसुद्धा बघत नव्हतं. असा जीव जळला म्हणून सांगू!

आता एकच सीन आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी परत परत शूट करतो. दर वेळी हात त्याच शब्दावर हलला पाहिजे, नाहीतर तुकडे जुळत नाहीत. याला कंटिन्युइटी म्हणतात. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. असिस्टंटचा तो प्रश्न त्यासाठीच होता.

हौसाक्कांना मॉनिटरवर दाखवलं. "आगं बया, मीच व्हय ही?" म्हणाल्या. आणि तिथून सगळं बिघडलं. बॅग उचलली की वाक्य जायचं, वाक्य आलं की बॅग राहायची. एकदा तर वाटीच पडली.

"अक्का, विचार करू नका," सर म्हणाले.

"न्हाई करत, न्हाई करत, ह्योच इचार चाललाय की!"

शेवटी सर माझ्याकडं वळले. "मावशी, तुम्ही घेता का ही वाक्यं? आत्याच उचलेल बॅग."

घेतली की! तोच शब्द, तेच वाकणं, तेवढंच थांबणं. सर म्हणाले, "छान." आमच्यात 'ओके' म्हणजे झालं. 'छान' म्हणजे झालं नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. "अहो सर, मगाशी तिनं ॲक्टिंग केलीच नव्हती. बॅग दाराच्या वाटेत होती. बाईमाणूस, वाटेतली वस्तू बाजूला सारली. जड लागली म्हणून थबकली. नंतर लाइटवाल्यांनी बॅग सोफ्याजवळ नेली. आता ती मुद्दाम जाऊन उचलते, म्हणून फसतंय. यात कला कसली?"

हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्या टेकमध्ये तिच्यावरची नजरच काढली नव्हती ना!

सर माझ्याकडं बघतच राहिले. "मावशी, भारी! ठेवा रे बॅग परत वाटेत. अक्का, बॅगेचं विसरा. तुम्हाला फक्त विरजण हवंय."

हौसाक्का आल्या. बॅग पायाला लागली. उचलली, धरली, आणि या वेळी वर माझ्याकडं बघितलं. तुला म्हाईत हुतं व्हय, असं. मी खरोखर दचकले! पापणी, पदर, काही आठवलं नाही.

"ओके!" सर ओरडले. कॅमेरा हौसाक्कांवर होता. फ्रेममध्ये माझा नुसता खांदा.

मग माझ्या बाजूनं शूट केलं. पापणी, पदर, श्वास.

"छान," सर म्हणाले.

शेजारीण राहिली. आत्या काशीला गेली. मालिकेत काशीला गेलेलं माणूस परत येत नाही. निघताना हौसाक्कांनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्यामुळं झालं बघा." बाई मनापासून बोलत होती, ते तर आणखीच वाईट.

तेव्हापासून एक पथ्य पाळते. दुसरीचं काम बघून पोटात दुखायला लागलं तर ओवा खायचा. दिग्दर्शकाशी बोलायचं नाही.