जिन्यातला कागद

चिखलीला माझ्या बिल्डिंगीत वरच्या खोलीत एक भाडेकरू राहतो. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की कॉम्प्युटर उघडून बसतो. कॉम्प्युटर चालवणारी कसलीशी सिस्टीम म्हणे जगभरातली माणसं मिळून फुकट बनवतात. नवी निघाली की तिच्यात काय बदललं, काय बिघडलं, ते हा लिहून काढतो. त्यालाही कुणी छदाम देत नाही. बोलायच्या आधी दर वेळी चष्मा पुसतो, तेवढ्यानंच माझं डोकं फिरतं.

परवा टाकीचा व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हातानं बदलला. प्लंबर कशाला पाहिजे? संध्याकाळी बघतो तर जिन्यात या भाडेकरूनं कागद चिकटवलेला: 'आज व्हॉल्व्ह बदलला. तो उलटा बसला आहे, म्हणून तिसऱ्या मजल्याला पाणी नाही. बसवणारे: घरमालक.'

माझ्याच घरात माझी अब्रू काढतो! मी कागद टराटरा फाडला. त्यानं दुसरा लावला.

"खोली खाली कर!" मी ओरडलो.

"करतो, काका. पण बदल केला की बिघाडही लिहावा लागतो. सिस्टीममध्ये माझी चूक झाली तर मी माझंच नाव लिहितो."

"मी काय तुझी सिस्टीम हाय व्हय रे?"

त्यानं पेन पुढं केलं. "यात खोटं असेल ते खोडा."

चौथी शिकलोय, वाचता येतं मला. दोनदा वाचलं. बाया रिकाम्या बादल्या घेऊन शेजारून उतरत होत्या. एक शब्द खोडता येईना, त्याचाच संताप अजून उतरत नाही.